स्वतःचे घर नसलेले बिशप

जुबिलीच्या स्मरणिकेत एखाद्या संताचे चरित्र असावे असा आपल्याकडे प्रघात आहे, आणि तो चांगलाच आहे. बहुधा धर्मग्रामाच्या आश्रयदात्या संताचे चरित्र देतात. ह्या वेळी आम्ही तो प्रघात किंचित बाजूला ठेवून संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो. त्याचे कारण सांगितले पाहिजे. दरवर्षी घरे आशीर्वादित करण्यासाठी आम्ही फिरतो, तेव्हा एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांनी आमच्यापुढे येतो. प्रभूने त्या श्रीमंत तरुणाला सर्व विकून टाकावयास सांगितले, मग आम्ही दुमजली घरात राहतो त्याचे काय, असे एखादा विचारी गृहस्थ विचारतो. एखादी माउली घरातील पाचव्या कपाटाकडे बोट दाखवून ओशाळते. लग्नसराई संपली की कर्जाच्या हप्त्यांनी झोप उडालेला बाप आमच्या दारी येऊन बसतो. आणि क्वचित एखादा तरुण असाही भेटतो की, त्याने भरात येऊन होते नव्हते ते वाटून टाकले आणि आता म्हाताऱ्या आईच्या औषधासाठी तो भावाकडे हात पसरतो.

संन्याशांची चरित्रे अशा माणसांना पुरी पडत नाहीत. असिसीकर संत फ्रान्सिस ह्यांनी अंगावरचे वस्त्रदेखील बापाच्या पायाशी टाकले, ही गोष्ट ऐकून डोळे भरून येतात. परंतु चार मुलांच्या आईने उद्या सकाळी काय करावे, हे तिच्यावरून कळत नाही. ते ज्यांनी सांगितले, आणि सांगण्यापूर्वी स्वतः करून पाहिले, अशा एका बिशपांची ही कथा आहे.

फ्रान्सिस ह्यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी सव्हॉय देशातील तोराँ गावाजवळच्या सेल्स नावाच्या गढीत झाला. सव्हॉय त्या काळी ड्यूकचे स्वतंत्र राज्य होते. आज तो मुलूख फ्रान्समध्ये मोडतो. घराणे सरदारांचे, मुलगा थोरला. तेव्हा त्याने कायदा शिकावा, सिनेटमध्ये बसावे, चांगल्या घरची मुलगी करावी आणि गढीचा दिवा उजळ ठेवावा, असा वडिलांचा बेत होता. त्या बेताप्रमाणे १५७८ मध्ये मुलाला पॅरिस येथील जेसुइट धर्मगुरूंच्या कॉलेजात पाठविण्यात आले. वडिलांच्या इच्छेस मान देऊन ते घोड्यावर बसणे, तलवार चालविणे आणि दरबारी नाच शिकले. स्वतःच्या ओढीने धर्मशास्त्र व हिब्रू भाषा शिकले. पुढे पादुआ येथे कायद्याचा अभ्यास करून १५९१ मध्ये त्यांनी डॉक्टरची पदवी मिळविली.

पादुआ येथील एक प्रसंग आमच्या विषयाशी निगडित आहे. तारुण्याच्या आवेशात फ्रान्सिस ह्यांनी उपास, जागरणे आणि देहदंड ह्यांचा इतका अतिरेक केला की ते अंथरुणास खिळले व वाचण्याची आशा राहिली नाही. तेथील वैद्यकीचे विद्यार्थी चिरफाडीसाठी थडग्यांतून प्रेते चोरीत व त्यावरून दंगे होत. आपण मेल्यावर आपले शरीर ह्या विद्यार्थ्यांना द्यावे, म्हणजे निदान एका प्रेताची चोरी तरी टळेल, असे त्यांनी आपल्या शिक्षकांना सांगून ठेवले होते. देवाच्या कृपेने ते बरे झाले. पुढे आयुष्यभर अतिरेकी उपासांविषयी ते जे सावधपणे बोलत आले, त्यामागे हे दुखणे उभे होते, असे आम्हास वाटते. हरिण फार लठ्ठ झाले तरी त्याला धावता येत नाही आणि फार रोडावले तरी येत नाही, हा दृष्टांत त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात घातला आहे.

१५९२ मध्ये ते घरी परतले, तेव्हा सर्व काही मांडून ठेवलेले होते. त्यांच्या नावे जहागीर, सिनेटमधील जागेची सिद्धता, पाहून ठेवलेली वधू. मुलाला हे काहीच नको होते. वडिलांचा राग, आईची मध्यस्थी, नातलग धर्मगुरूने परस्पर रोमहून मिळविलेली मानाची जागा, ह्या सर्व घालमेलीचा शेवट असा झाला की १८ डिसेंबर १५९३ रोजी फ्रान्सिस ह्यांना गुरुदीक्षा मिळाली. थोरलेपणाचा हक्क त्यांनी सोडला. परंतु वडिलांचा अपमान केला नाही. थांबले, समजूत घातली, संमती मिळविली आणि मगच पाऊल टाकले. त्याग करताना घरातील माणसे पायदळी तुडविली जाऊ नयेत, हा त्यांचा नियम येथपासून दिसतो.

दीक्षेनंतर वर्ष उलटण्याच्या आतच ते शाब्ले प्रांतात गेले. जिनिव्हा सरोवराच्या दक्षिणेकडील हा मुलूख साठ वर्षांपूर्वी प्रॉटेस्टंट झाला होता. मिस्सा बंद, देवळे ओस. वडिलांना ही मोहीम मुळीच पसंत नव्हती. त्यांनी पैसा देण्याचे नाकारले. आई चोरून कपडे व थोडी रक्कम पाठवी, तेवढ्यावर मुलाने दिवस काढले. रात्री आलँजच्या किल्ल्यात मुक्काम, दिवसा तोनों शहरापर्यंत पायपीट, हिवाळ्यात बर्फ. शहरवासी प्रवचनास येईनात, तेव्हा त्यांनी प्रवचने कागदावर उतरवून दारांच्या फटींतून आत सरकविण्यास आरंभ केला. ह्याच कागदांमुळे पोप अकरावे पायस ह्यांनी १९२३ मध्ये त्यांना पत्रकार व लेखक ह्यांचे आश्रयदाते ठरविले. चार वर्षांनी, म्हणजे १५९८ मध्ये, तोनों येथे चाळीस तासांची आराधना झाली तेव्हा तो प्रांत बहुतांशी कॅथॉलिक श्रद्धेकडे परतला होता. ह्या यशाची कथा पुष्कळांनी लिहिली आहे. आम्ही तिच्यात अधिक रेंगाळत नाही. आमचे लक्ष वेधते ते एवढेच की, गढीत वाढलेल्या ह्या मनुष्याला चार वर्षांत कळून चुकले की जगण्यास आणि काम करण्यास फार थोडे लागते. हे ज्ञान ते पुढे राजवाड्यांत वावरतानाही विसरले नाहीत.

८ डिसेंबर १६०२ रोजी तोराँच्या देवळात त्यांना जिनिव्हाचे बिशप म्हणून अभिषेक झाला. नावाला जिनिव्हाचे, शहरात पाय ठेवण्याची सोय नव्हती, कारण ते कॅल्व्हिनपंथीयांच्या हाती होते. बिशपांची गादी ॲनसी ह्या गावी आली होती आणि जिनिव्हाचे जुने उत्पन्न बुडाले होते. उरले ते बेताचे. एवढ्या उत्पन्नात बिशपाची प्रतिष्ठा कशी राखावी, असे कोणी विचारले म्हणजे फ्रान्सिस म्हणत की प्रेषितांपाशी ह्याहून कमी होते.

त्यांना स्वतःचे घर नव्हते. आधी भाड्याच्या घरात राहत. पुढे त्यांचे परममित्र अँत्वान फाव्र ह्यांनी आपले मोठे घर त्यांना राहावयास दिले. मालक मनात येईल तेव्हा आपणास बाहेर काढू शकतो, ह्याचा त्यांना एक प्रकारचा आनंदच वाटे. ज्या प्रभूला डोके टेकावयास जागा नव्हती त्याच्या शिष्याला हे शोभते असे ते म्हणत. त्या घरात पाहुण्यांना भेटण्यासाठी सजविलेली दालने होती. तेथे बिशप बसत, कारण राजदूत, सरदार व धर्मगुरू येत आणि त्यांची योग्य संभावना होणे आवश्यक होते. निजण्यासाठी मात्र त्यांनी मागील बाजूची एक लहानशी खोली घेतली होती. पुढील दालन जिनिव्हाच्या बिशपाचे आणि मागील खोली फ्रान्सिसची, अशी नावे त्यांनी विनोदाने पाडली होती. वाचकांनी ह्या दोन खोल्या नीट ध्यानात ठेवाव्या. केवळ मागील खोली ठेवून पुढील दालन ते मोडून टाकू शकले असते, लोकांनी वाहवाही केली असती. परंतु मग पाहुण्यांना कोठे बसवावे? उलट, पुढील दालनातच पलंग टाकला असता तरी कोणी नाव ठेवले नसते. त्यांनी दोन्ही ठेविल्या आणि प्रत्येक खोलीला तिची जागा दिली.

पोशाखाचेही असेच. रेशीम अंगास लावावयाचे नाही, लोकरीचे साधे कापड वापरावयाचे, असे त्यांनी अभिषेकापूर्वीच आपल्या दिनचर्येच्या नियमांत लिहून ठेविले होते. तथापि तो झगा स्वच्छ, नीट बसणारा आणि डागविरहित असे. मळकटपणाला ते साधेपणा समजत नसत. फाटले तर शिवून घेत, आणि कधी कधी स्वतःच सुई हाती घेत असे सांगतात. जेवणाच्या बाबतीत त्यांचा नियम आम्हास सर्वांत कठीण वाटतो. पानात येईल ते खावे. गोड आले तर गोड, अळणी आले तर अळणी; मुद्दाम वाईट पदार्थ निवडून खाण्यापेक्षा निवडच न करणे ह्यात त्यांना अधिक पुण्य दिसे, कारण त्यात स्वतःची मर्जी उरत नाही आणि यजमानालाही त्रास पडत नाही. एकदा पाण्यात शिजविलेली अंडी पानात आली. अंडी संपली तरी बिशप आपले बोलण्याच्या नादात पाव त्या उकडीच्या पाण्यात बुडवून खात राहिले. मंडळी हसू लागली. कारण समजल्यावर तेही हसले आणि आपण इतका वेळ उत्तम रस्सा समजून खात होतो, तुम्ही उगाच गोडी घालविली, असे म्हणाले.

ही घरगुती माहिती आपणास मिळते ती बेले शहराचे बिशप जाँ-पिएर कामू ह्यांच्याकडून. १६०९ मध्ये फ्रान्सिस ह्यांनीच त्यांना अभिषेक केला होता. हे कामू मोठे जिज्ञासू. आपले गुरू एकांतात कसे वागतात हे पाहण्यासाठी, फ्रान्सिस पाहुणे म्हणून आले असता, त्यांनी खोलीला भोके पाडून ठेविली आणि त्यांतून डोकावून पाहिले! धर्मगुरूला न शोभणारे हे कृत्य आम्ही कोणासही सुचवीत नाही. परंतु कामूंना जे दिसले ते असे की, चारचौघांत जो मनुष्य होता तोच एकटेपणी होता. तेच बसणे, तीच स्थिरता. साधेपणाचे सोंग असते तर त्या भोकांतून ते उघडे पडले असते.

घरखर्च थोडा होता, त्याचा अर्थ माणसांना दार बंद होते असा नव्हे. एका उपवासकाळात ला रोश गावी प्रवचने चालू असता त्यांना मार्तीन नावाचा एक जन्मतः बहिरा व मुका तरुण भेटला. त्याला धर्मशिक्षण देणे अशक्य मानून पवित्र साक्रामेंतापासून दूर ठेविले होते. फ्रान्सिस ह्यांनी हातांच्या खुणांनी स्वतः त्याला शिकविले, कम्युनियन दिले आणि पुढे आपल्याच घरी ठेवून घेतले. आधीच बेताच्या उत्पन्नात हे आणखी एक तोंड कशाला, असे घरातील काहींना वाटले. बिशपांना ते ओझे वाटले नाही. म्हणूनच बहिऱ्या-मुक्यांचे आश्रयदाते म्हणून त्यांचे स्मरण करितात. जो रेशीम, गाड्या, नोकरांचा ताफा ह्यांवर खर्च करीत नाही, त्याच्या घरात मार्तीनसाठी जागा निघते. आमच्या मते ह्या चरित्रातील हिशेबाचे हे पान आपण सर्वांनी वाचावयास हवे. काटकसरीचा पैसा पुन्हा पेटीतच जाणार असेल तर ती केवळ कंजुषी होय.

त्यांच्या कारभाऱ्याची मात्र दैना होती. महिना संपण्याआधी पैसा संपे, कारण मागणारा रिकाम्या हाताने जात नसे. १६१९ मध्ये फ्रान्सच्या राजकन्या क्रिस्टिन ह्यांचा सव्हॉयच्या युवराजाशी विवाह झाला, तेव्हा त्यांनी फ्रान्सिस ह्यांना आपले मुख्य दानाध्यक्ष नेमले. फ्रान्सिस ह्यांनी दोन अटी घातल्या: आपण आपल्या धर्मप्रांतातच राहू, आणि प्रत्यक्ष सेवा घडणार नाही त्या काळाचे वेतन घेणार नाही. राजकन्येने एक मौल्यवान हिऱ्याची अंगठी भेट दिली. ती त्यांनी नाकारली नाही. नाकारणे उद्धटपणाचे झाले असते. ती बोटात घातली, आणि ॲनसीच्या गरिबांना गरज पडली म्हणजे ती गहाण पडू लागली. सोडवावी, पुन्हा गहाण टाकावी. शेवटी ही अंगठी बिशपाची नसून गावच्या भिकाऱ्यांची आहे, अशी थट्टा होऊ लागली.

मोठ्या मोहाचे प्रसंग दोन आले. १६०२ मध्ये कामानिमित्त ते पॅरिसला गेले असता त्यांच्या प्रवचनांनी राजा चौथा हेन्री प्रसन्न झाला. फ्रान्समध्ये राहिल्यास ह्याहून श्रीमंत धर्मप्रांत देऊ, असे त्याने सुचविले. फ्रान्सिस ह्यांनी कळविले की आपले लग्न एका गरीब स्त्रीशी झाले आहे, तिला सोडून श्रीमंतीण करणे योग्य नव्हे. पुढे राजाने वर्षासन देऊ केले, तेव्हा ते खजिनदाराकडेच राहू द्यावे, आपणास गरज पडली की मागून घेऊ, असे उत्तर गेले. आणि ती गरज कधी पडली नाही. १६१८-१९ मध्ये पुन्हा पॅरिसला गेले तेव्हा कार्डिनल गोंदी ह्यांनी आपले सहायक आणि उत्तराधिकारी व्हा म्हणून आग्रह केला. पॅरिसचे धर्मपीठ! तेही त्यांनी नाकारले. ह्याच मुक्कामात संत व्हिन्सेंट द पॉल ह्यांच्याशी त्यांचा स्नेह जडला.

आता ज्या ग्रंथाने त्यांचे नाव घरोघर पोहोचविले त्याविषयी. १६०९ मध्ये त्यांचे भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. मुळात ती त्यांच्या नात्यातील एका विवाहित बाईंना मार्गदर्शन म्हणून लिहून दिलेली टिपणे होती. पुस्तकात त्या बाईंना फिलोथिया, म्हणजे देवावर प्रीती करणारी, असे नाव दिले आहे. आरंभीच ते सांगतात की भक्ती प्रत्येकाच्या स्थितीप्रमाणे निराळी असावी. बिशपाने मठवासीयासारखे एकांतात राहू म्हटले, किंवा प्रापंचिकाने कापुचिन साधूंसारखे काहीच साठवावयाचे नाही असे ठरविले, तर ती भक्ती हास्यास्पद आणि अव्यवस्थित होईल. चारशे वर्षांपूर्वी हे लिहिणे धाडसाचे होते. भक्तिमार्ग म्हणजे मठाचा मार्ग, अशीच पुष्कळांची समजूत होती.

ग्रंथाच्या तिसऱ्या भागात संपत्तीविषयी काही प्रकरणे आहेत. त्यांचे शब्द न देता आशय आमच्या भाषेत सांगतो. औषधविक्याच्या दुकानात विषे असतात, परंतु ती बरण्यांत असतात, त्याच्या पोटात नसतात; तशी संपत्ती घरात असावी, काळजात नसावी. राजाच्या बागेचा माळी ती बाग स्वतःच्या बागेहून अधिक निगुतीने राखतो, कारण ती राजाची आहे; तेव्हा देवाने दिलेली मालमत्ता राखावी, इतकेच नव्हे तर न्यायाने वाढवावीही. येथे कित्येक वाचक दचकतील. परंतु संताने हे स्पष्ट लिहिले आहे, आणि ज्यांना मुलाबाळांचे पाहावयाचे आहे त्यांना हा मोठाच दिलासा आहे. मात्र लगेच पुढे ते सांगतात की त्यातील काही भाग सतत आणि मनापासून गरिबांना देत जावा, म्हणजे तितक्यापुरते आपण खरोखर गरीब होतो. आणि गरिबांच्या घरी जावे, त्यांना आपल्या घरी येऊ द्यावे, त्यांच्याशी बोलावे. पाठवून दिलेल्या पैशाने हे साधत नाही.

आपला जीव वस्तूंत अडकला आहे की नाही हे कसे ओळखावे? लोभ हा असा ताप आहे की तो जितका चढतो तितका रोग्याला कमी जाणवतो, असे त्यांचे निदान आहे. म्हणून दोन खुणा त्यांनी दिल्या. एखादी वस्तू मिळावी म्हणून मन दीर्घकाळ तळमळत असेल, विशेषतः ती दुसऱ्याची असेल, तर ताप आहे. आणि एखादी वस्तू गेली असता दुःख आवरत नसेल, तरीही ताप आहे. गारपीट, आग, पूर, चोरी, कज्जे ह्यांनी घर बसते तेव्हा खरी परीक्षा होते. न मागता आलेले दारिद्र्य सोसणे हे निवडून घेतलेल्या दारिद्र्याहून श्रेष्ठ, कारण निवडलेल्या दारिद्र्याची लोक स्तुती करतात. आम्ही अनेक वर्षे कन्फेशन ऐकीत आलो आहो. ह्या दोन खुणांइतकी सोपी व बिनचूक कसोटी दुसऱ्या कोणत्या पुस्तकात आमच्या पाहण्यात नाही.

पोशाखाविषयी ते फिलोथियाला सांगतात की तिने नीटनेटके असावे, आपल्या स्थितीला साजेसे ल्यावे. परंतु मंडळीत सर्वांत साधी तीच दिसावी. पतीला आवडते म्हणून पत्नीने चांगले नेसावे ह्यात त्यांना वावगे दिसत नाही. सणाच्या दिवशी आपल्या आया-आज्यांनी घालावयाचे दागिने पेटीतून काढले म्हणून कोणी मन खाऊ नये. एका दिवसाच्या लग्नासाठी सात वर्षांचे कर्ज काढणे ही मात्र निराळी गोष्ट आहे.

ह्या शिकवणीची कसोटी एका स्त्रीच्या आयुष्यात लागली. १६०४ च्या उपवासकाळात फ्रान्सिस दिजों शहरी प्रवचने देण्यास गेले असता जेन फ्रान्सेस द शांताल ही विधवा सरदारपत्नी त्यांना भेटली. तिचा पती १६०१ मध्ये शिकारीत चुकून लागलेल्या गोळीने मरण पावला होता. एकदा जेवणाच्या वेळी तिच्या वस्त्रावर नेहमीपेक्षा अधिक शोभा पाहून, पुन्हा लग्नाचा विचार आहे काय, असे फ्रान्सिस ह्यांनी विचारले. नाही म्हणताच, मग निशाण उतरवून ठेवावे, असे ते हसून म्हणाले. दुसऱ्या वेळी गळपट्टीच्या गोंड्यांकडे पाहून, हे नसते तर पोशाखाचा नीटनेटकेपणा कमी झाला असता काय, एवढेच त्यांनी विचारले. त्या रात्री तिने कात्री घेऊन गोंडे स्वतः कापून टाकले. आज्ञा नाही, निषेध नाही. प्रश्न तेवढा होता.

परंतु तिला सर्व सोडून मठात जावयाचे होते, तेव्हा त्यांनी तिला सहा वर्षे थांबविले. मुले लहान होती, सासरा म्हातारा व तिरसट होता, मालमत्तेची व्यवस्था लावावयाची होती. प्रार्थनेमुळे घरातील कोणाची अडचण होता कामा नये, असा दंडक त्यांनी घातला. तिचे नोकर म्हणू लागले की आधीच्या मार्गदर्शकाच्या वेळी बाईसाहेब दिवसातून तीनदा प्रार्थना करीत आणि सारे घर वेठीस धरले जाई. आता अष्टौप्रहर करतात आणि कोणाला कळतही नाही. ६ जून १६१० रोजी त्रैक्याच्या सणी ॲनसी येथे व्हिजिटेशन संघाचा आरंभ झाला. तेथेही तोच तोल. विधवा, अशक्त, आजारी अशा ज्या स्त्रियांना कडक मठांत प्रवेश नव्हता त्यांच्यासाठी हा संघ होता. म्हणून कठोर उपासतापास नाहीत, अनवाणी चालणे नाही. मात्र माझे म्हणून काही नाही.

१६१६ मध्ये ह्या मार्गातील सर्वांत अवघड पायरी आली. जेन ह्यांनी वस्त्रे, दागिने, गढी सर्व सोडले होते. राहिला होता तो गुरूचा आधार. प्रत्येक गोष्ट त्यांना विचारल्यावाचून त्यांचे पाऊल पडत नसे. त्यांच्या एकांतवासाच्या दिवसांत फ्रान्सिस ह्यांनी पत्रे लिहून हाही आधार देवाच्या हाती सोडून देण्यास सांगितले. त्यांचे स्वतःचे प्रेम कमी झाले होते असे नव्हे. ह्या स्नेहाचे मोल त्यांनाही तितकेच होते. कपाट रिकामे करणे सोपे, हे ज्याने कधी कपाट रिकामे केले आहे त्यालाच कळते. जेन ह्यांनी ऐकले, आणि त्याचे दुःखही भोगले.

स्वतः फ्रान्सिस ह्यांच्या मनात एकच इच्छा उरली होती. ॲनसीच्या सरोवरावर तालोआर येथे डोंगरात संत जर्मेन ह्यांचा जुना आश्रम आहे. धाकट्या भावाला सहायक बिशप नेमण्यात आले, तेव्हा आपण आता तेथे जाऊन राहावे, जपमाळ आणि लेखणी एवढेच जवळ ठेवावे, असा त्यांचा मानस होता. ती कुटीही त्यांना लाभली नाही. १६२२ च्या हिवाळ्यात ड्यूकने त्यांना राजपरिवाराबरोबर आव्हिन्योला नेले. प्रकृती ढासळली होती. परतीच्या वाटेवर लिओं शहरी मुक्काम पडला, तेव्हा अनेक मोठ्या घरांचे दरवाजे त्यांच्यासाठी उघडले गेले. त्यांनी व्हिजिटेशनच्या मठाच्या आवारातील माळ्याची खोली मागून घेतली. आपणास भेटावयास येणाऱ्या गरिबांना तेथे संकोच वाटणार नाही आणि कोणास आपला त्रास होणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

तेथेच जेन ह्यांची व त्यांची शेवटची भेट झाली. तीन वर्षांनी दोघे समोरासमोर बसले होते. जेन ह्यांच्या मनात आपल्या आत्म्याविषयी बोलावयाचे किती साठले होते, त्याचा कागदही त्यांनी बरोबर आणला होता. फ्रान्सिस ह्यांनी आधी संघाची कामे घेतली. मठांच्या व्यवस्थेवर चार तास बोलणे झाले. बाकीचे ॲनसीला भेटू तेव्हा, असे ठरले. जेन ह्यांनी कागद घडी करून ठेविला आणि त्या पुढील मठाकडे निघाल्या.

२७ डिसेंबर रोजी फ्रान्सिस ह्यांना झटका आला. वैद्यांनी त्या काळच्या रीतीप्रमाणे तापलेल्या लोखंडाचे डाग दिले. दुसऱ्या दिवशी, निष्पाप बालकांच्या सणी, २८ डिसेंबर १६२२ रोजी, माळ्याच्या त्या खोलीत, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी देह ठेविला. जेन ह्यांना ही वार्ता बेले येथे वाटेत समजली. शरीर ॲनसीला नेण्यात आले.

१६६५ मध्ये त्यांना संतपद मिळाले व १८७७ मध्ये पोप नववे पायस ह्यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले. त्यांच्याच मुलखात १८३८ मध्ये फादर मेर्मिए ह्यांनी त्यांच्या नावाने धर्मप्रचारकांचा एक संघ स्थापिला. त्या संघाचे धर्मगुरू १८४५ मध्ये भारताकडे निघाले. विशाखापट्टणमहून पुढे ते नागपुरापर्यंत पोहोचले, आणि नागपूरचे महामंदिर आज ह्याच संताच्या नावाचे आहे. डॉन बॉस्को ह्यांनी आपल्या संघाला सेलेशियन हे नाव दिले, तेही त्यांच्यावरूनच. माटुंग्याच्या शाळेत शिकलेली आपली कित्येक मुले हे नाव रोज उच्चारीत, परंतु ते कोणाचे हे त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असेल. संताचा सण २४ जानेवारीला येतो. त्या दिवशी आपल्या देवळात सकाळची मिस्सा त्यांच्या स्मरणार्थ होईल, आणि मिस्सेनंतर गरिबांसाठी कपडे व भांडी स्वीकारण्यास व्हरांड्यात मेज मांडलेले असेल. आणावयाचे ते धुतलेले, शिवलेले आणि वापरण्याजोगे असावे.